कळकलेल्या घागरी

बुधवारी सकाळी कुशाबाई आपली गाभण कालवड घेऊन विजयमालाबाईंच्या दारात आली, तेव्हा कालवडीची शिंगं हिरवीगार रंगवलेली होती. बैलपोळा होऊन तीन महिने झाले होते.

"हे काय सोंग गं?" विजयमालाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली.

"तुमच्या पुतणसुनेनं, राजलक्ष्मीवैनींनी रंग धाडला," कुशाबाई म्हणाली. "शेवाळाच्या रंगाचीच शिंगं पायजेत म्हनल्या. फोटूत मॅच हुत्यात म्हनं."

"आन् गोंडे?"

"ते पुण्यावरनं आल्यात."

विजयमालाबाईंनी कालवडीकडं पाहिलं. काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. कुशाबाईनं तिला भावाच्या गोठ्यातून उचलून आणली तेव्हा ती धड उभीही राहत नव्हती. पनीरच्या कारखान्यात दिवसभर कॅन धुवून घरी गेल्यावर ही बाई तिला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजायची. आता तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं वेत. कुशाबाईच्या घरात स्वतःचं म्हणावं असं हे एकच जनावर. बाकी घराची जागा दिराची आणि पत्रे सासऱ्याचे.

"आज शेवाळाच्या टाकीचं लोकार्पन हाय. हिला समद्यांम्होरं पाजायचंय," कुशाबाई म्हणाली. "साहेब घागर उचलनार, घमेल्यात वतनार, आन् ही पिनार. मंग टाळ्या."

"काय पिणार?"

कुशाबाईनं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "शेवाळाचं पानी. पनीरच्या निवळीत कालवल्यालं. त्या घागरीतलं."

"कुठल्या घागरीतलं?"

"तांब्याच्या. अकरा मांडल्यात टाकीच्या कडंला. तुमची बी हाय त्यात, माहेरची. रविवारी भरल्या."

"रविवारी?"

"साहेब सोमवारी येनार हुते. न्हाय आले. आज येत्यात."

"आणि तीन दिवस निवळी तांब्यात ठेवलीय?" विजयमालाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "तुला तोंड न्हवतं का गं?"

"तोंड हाय, आक्का. पर हजेरी त्यांच्या हातात हाय. तरी म्या म्हनलं, वैनी, आंबट हाय, तांब्यात नगा ठिवू. तर म्हनल्या, मावशी, तांब्यानं पाणी शुद्ध होतं, आम्ही रोज तांब्याच्या बाटलीतलंच पितो."

विजयमालाबाई हसल्या. त्या असं हसायच्या की समोरच्या माणसाला आपल्या जन्माची लाज वाटायची. पण त्या वेळी समोर फक्त कुशाबाई होती, आणि तिच्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

दही, ताक, चिंच, निवळी, जे काही आंबट असेल ते कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं. भांड्यातलं तांबं त्यात उतरतं, चव तुरट होते, पोटात मळमळतं, आणि जास्त गेलं तर माणूस आडवा होतो. विजयमालाबाईंच्या लहानपणी हे दहा वर्षांच्या पोरीला सांगावं लागत नसे. कोऱ्हाळे बुद्रुकला त्यांच्या थोरल्या चुलतबहिणीच्या लग्नात आचाऱ्यानं मठ्ठा आदल्या दिवशीच कल्हई उडालेल्या हंड्यात करून ठेवला होता. वऱ्हाडाची अख्खी एक पंगत मांडवामागं ओकली. उरलेला मठ्ठा कुणीतरी म्हशीच्या डोणीत ओतला. म्हैस गाभण होती. चौथ्या दिवशी ती गाभडली, पोटातलं रेडकू गेलं. नवरदेवाचं पोट दोन दिवसांत बरं झालं, ते कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. म्हैस मात्र पन्नास वर्षं सगळ्यांच्या बोलण्यात राहिली.

दर दिवाळीच्या आधी गेणबा कल्हईवाला गावात यायचा. पारावर भट्टी लावायचा, चामड्याचा भाता, नवसागराचा पांढरा धूर, आणि कापसाच्या बोळ्यानं भांड्यात फिरणारी ती चांदी. एखादी बाई "अजून चालतंय की माझं पातेलं" म्हणाली, की गेणबा वाद घालत नसे. तिच्याच घरचं आंबट ताक तिच्याच पातेल्यात दोन दिवस ठेवायला सांगायचा आणि मग त्यात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा टाकायचा. अर्ध्या तासानं खिळा बाहेर काढला की तो तांबूस झालेला असे. "बघ वैनी, पातेल्यातलं तांबं ताकात, आन् ताकातलं खिळ्यावर. तुझ्या पोटात खिळा असता तर त्याच्यावर बी बसलं असतं." बायका पातेली घेऊन धावायच्या. गेणबाला अक्षर ओळखता येत नव्हतं.

आणि आता त्याच जिल्ह्यात, दोन-दोन पदव्या घेतलेली माणसं.

"चल," विजयमालाबाई म्हणाल्या. त्यांनी चप्पल घातली आणि दारामागची काठी घेतली. "तुझा विळा कुठाय?"

"गवताच्या भाऱ्यात. का वो?"

"राखेनं घासून आण. आरशासारखा पायजे."

*

निमगाव केतकीच्या बाहेर, माळावर, कारखान्याच्या मागच्या बाजूला ती टाकी होती. टाकी कसली, शेततळ्याला अंथरतात तो काळा कागद घातलेला लांबट खड्डा, मध्ये एक बुटकी भिंत, आणि पाणी गोल गोल फिरत राहावं म्हणून विजेवर चालणारं पंख्यांचं चाक. त्यात केयूर नावाच्या पुण्याच्या मुलानं आणलेलं सूक्ष्म शेवाळ वाढत होतं. नुसत्या डोळ्यांना शेवाळ दिसत नसे, फक्त पाणी पोपटी, मग गर्द हिरवं होत गेलेलं दिसे. त्याला खत म्हणून कारखान्याची निवळी द्यायची, वीस भाग पाण्यात एक भाग. दूध नासवून पनीर काढलं की मागं जे पिवळट पाणी उरतं, ते शेवाळ खातं आणि वाढतं. वाढलं की गाळून, वाळवून जनावरांच्या पेंडीत घालायचं.

याला ऋषिराज "वेस्ट टू वेल्थ" म्हणायचा. ऋषिराज म्हणजे विजयमालाबाईंच्या धाकट्या दिराचा मुलगा. हा कारखाना एके काळी विजयमालाबाईंच्या पडवीतलं दूध केंद्र होता. बारा बायका, दोन कढया. नवरा गेल्यावर त्यांनी सगळं पुतण्याच्या हाती दिलं. त्यानं पहिलं काम केलं ते पाटी बदलण्याचं, नव्या पाटीवर बायकोचं, राजलक्ष्मीचं नाव घातलं. बायकोनं पहिलं काम केलं ते पाटीसमोर फोटो काढण्याचं.

वेस्ट! विजयमालाबाईंना तो शब्दच ऐकवत नसे. त्यांच्या वेळी निवळी वाया जायची नाही. बायका चरवी भरून घरी न्यायच्या, भाकरीचं पीठ त्यात मळायच्या, म्हशीच्या आंबवणात ओतायच्या. कोऱ्हाळ्याला त्यांचे वडील माळेगावच्या साखर कारखान्यातून बैलगाडीनं मळी आणायचे आणि उसाच्या सरीत घालायचे. अख्खं शिवार आठवडाभर घाण वास मारायचं, आणि पुढच्या वर्षी ऊस माणसाच्या डोक्यावरून जायचा. कुणी त्याचं लोकार्पण केलं नव्हतं. बैलांचीही शिंगं रंगवली नव्हती.

अर्थात तेव्हा दिवसाला दोन कढया निवळी निघायची आणि आता टँकर भरेल एवढी. ती ओढ्यात सोडल्यामुळं ओढ्याला फेस येऊन मासे मेले होते आणि ऋषिराजला नोटीस आली होती, म्हणून तर ही टाकी. पण हे विजयमालाबाई स्वतःशीही फारसं बोलत नसत.

आणखी एक गोष्ट त्या बोलत नसत. टाकी चालली होती. केयूर पंधरा दिवसांतून एकदा यायचा, काचेच्या नळ्यांत पाणी भरायचा, लॅपटॉपवर रेघ वर गेलेली दाखवायचा. टाकी चालवत होती कुशाबाई. सोडा आणि ॲसिडनं मशीन धुतलेलं पाणी निवळीत मिसळायच्या आत, पहाटेच्या पहिल्या घाण्याची निवळी ती वेगळी धरायची. चाक बंद पडलं की बांबूनं ढवळायची. पहिल्या दोन खेपांना केयूरचं शेवाळ आठवड्यात मेलं होतं. तिसऱ्या खेपेला कुशाबाई आली, आणि केयूरच्या लॅपटॉपवरची रेघ वर गेली.

*

मांडव पडला होता. टाकीच्या काठावर झेंडूच्या माळा घातलेल्या अकरा घागरी ओळीनं उभ्या होत्या, चिंचेनं घासून बाहेरून लख्ख केलेल्या. तिसरी घागर विजयमालाबाईंची, गळ्याशी त्यांच्या आईचं नाव टोचलेलं. पाण्याची घागर. पाण्याच्या घागरीला आतून कल्हई नसते, कारण तिच्यात पाण्याशिवाय काही भरायचं नसतं. राजलक्ष्मीनं ती बंगल्याच्या दारात छत्र्या ठेवायला मागून नेली होती.

विजयमालाबाई वाकल्या. आतलं पाणी हिरवं होतं खरं, पण टाकीतल्यासारखं पोपटी हिरवं नाही. निळसर. काठाला मोरचुदासारखी कड धरली होती. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकल्या.

"आजी, आजी, टेस्ट नका करू!" केयूर धावत आला. त्याच्या शर्टवर शेवाळाच्या पानाचं चित्र होतं. शेवाळाला पान नसतं हे त्यानंच त्यांना सांगितलं होतं. "हे ह्यूमन कन्झम्प्शनसाठी नाहीये अजून."

"आणि गाभण जनावरासाठी आहे?"

"ॲब्सोल्यूटली. प्रोटीन आहे हे. बघा ना, रविवारपेक्षा किती डार्क झालंय! कल्चर मस्त डेव्हलप झालंय."

"हे शेवाळ नाही. शेवाळ मेलंय. हे तांबं आहे. कळकलंय."

केयूरनं त्यांच्याकडं पाहिलं. म्हाताऱ्या माणसांकडं पाहायची एक नजर असते, ती त्यानं बहुधा कुठल्या तरी शिबिरात शिकलेली असावी. "काय झालंय, आजी?"

"कळकलंय."

"ओके," तो म्हणाला. "मी चेक करतो हां." आणि तो माईक चेक करायला गेला.

ऋषिराज फाटकाशी होता, जाकीट घालून. विजयमालाबाईंनी त्याला बाजूला घेतलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. हा मुलगा कोऱ्हाळ्याला त्यांच्या माहेरी सुट्टीत राहिलेला होता. याला कळकणं हा शब्द ठाऊक असायला हवा होता.

"काकी," तो दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब अर्ध्या तासात पोचतायत. आज तुमचा सत्कार ठेवलाय. पहिल्या रांगेत बसा, शाल घ्या, चार शब्द चांगले बोला. तुम्हाला आमचं काहीच पटत नाही, ते मला माहितीये."

"कालवड गाभडली तर?"

"एक घमेलं पाण्यानं?"

"गाभण जनावराला तेवढं पुरतं."

"केयूर एमएस्सी आहे, काकी."

"गेणबा दुसरीही पास नव्हता."

"कोण गेणबा?"

तेवढ्यात मागून राजलक्ष्मी आली, हिरवी पैठणी, कानात हिरवे खडे. "काकी, किती गोड दिसताय! ती काठी मात्र खाली ठेवा हं, फ्रेममध्ये येते." मग नवऱ्याकडं वळून, "कालवडीनं शेण टाकलंय रेड कार्पेटवर. कुणाला तरी सांग ना."

विजयमालाबाई पुन्हा टाकीकडं गेल्या. कुशाबाई घासलेला विळा पदराखाली घेऊन उभी होती. त्यांनी तो घेतला, आजूबाजूला पाहिलं आणि आईच्या नावाच्या घागरीत पात्याकडून सोडला. मूठ काठावर राहिली, तिच्यावर त्यांनी झेंडूची माळ सारली. गेणबाच्या खिळ्याला अर्धा तास लागायचा. आजची भाषणं त्याहून लांब होणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"घमेलं भरलं तरी दावं ढिलं सोडू नगंस," त्या कुशाबाईला म्हणाल्या. "मी उठंपर्यंत."

*

साहेब दीड तास उशिरा आले. मग ऋषिराज बोलला. तो म्हणाला, की आपल्या पूर्वजांकडं निसर्गाचं ज्ञान होतं, ते आपण विसरलो. विजयमालाबाई पहिल्या रांगेत बसून त्याच्याकडं पाहत होत्या. पूर्वज म्हणून तो ज्यांना आठवत होता त्यातल्या एकीनं त्याला दोन तासांपूर्वी ते ज्ञान फुकट देऊ केलं होतं.

मग केयूर बोलला. त्याच्या मराठीत मराठी शब्द थोडे होते आणि तेही क्रियापदं होती. मग कुणीतरी सभासद उठले आणि साहेबांची तुलना भगीरथाशी करू लागले. साहेब डोळे मिटून ऐकत होते, म्हणजे झोपले होते. मांडवात बसलेल्या बायकांत एकीनं चटणी-भाकरी सोडली. मांडवाबाहेर उन्हात कुशाबाई कालवडीचं दावं मनगटाला दोन वेढे देऊन उभी होती, आणि तिची नजर भाषणं करणाऱ्यांवर नव्हती, घागरीवर होती.

विजयमालाबाईंना शाल मिळाली. नारळ मिळाला. निवेदकानं त्यांना "या प्रकल्पाच्या प्रेरणास्थान" म्हटलं. पंधरा वर्षांत त्यांना या आवारात कुणी खुर्चीही दिली नव्हती.

"आता," राजलक्ष्मी माईकवर म्हणाली, "आपल्या पारंपरिक ताम्रकलशातलं हे हरित अमृत साहेबांच्या हस्ते आपल्या गोमातेला!"

साहेबांनी बाही सावरली. छायाचित्रकार गुडघ्यावर बसला. ऋषिराजनं नेमकी तिसरी घागर उचलली, कारण तिच्यावर नाव कोरलेलं होतं आणि ते जुनं दिसत होतं.

"थांब," विजयमालाबाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजानं एके काळी बारा बायका आणि दोन कढया चालवल्या होत्या. त्या काठी टेकत पुढं आल्या, माळेखालची मूठ धरली आणि विळा बाहेर काढला. मुठीपाशी, जिथं पाणी पोचलं नव्हतं, तिथं पातं चांदीसारखं होतं. त्याखाली ते तांबूस झालं होतं, नव्या पैशासारखं.

"साहेब, हा लोखंडाचा विळा आहे," त्या शुद्ध भाषेत म्हणाल्या. "सकाळी राखेनं घासला. याच्यावर बसलंय ते तांबं. ते घागरीतून निवळीत उतरलं आणि निवळीतून विळ्यावर आलं. आता ते या गाभण कालवडीच्या पोटात जाणार आहे. तुमच्या हस्ते."

साहेबांचा हात मागं गेला. शेवटचे दोन शब्द त्यांना बरोबर ऐकू आले होते.

मांडवातल्या म्हाताऱ्या बायका उठून पाहू लागल्या. "कळकलंय गं बया," एक म्हणाली. "आन् गाभन जनावराला? अक्कल कुनी इकली?" दुसरी म्हणाली. हसणं पसरत गेलं. केयूर विळ्याकडं पाहत होता. त्याचा चेहरा उतरला.

"कॉपर," तो पुटपुटला. "कॉपर तर अल्गीला... तळ्यातलं शेवाळ मारायला कॉपर सल्फेटच टाकतात."

म्हणजे त्याला ठाऊक होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही असणार. पुस्तकातलं कॉपर आणि देवघरातलं तांबं एकच, एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कुशाबाईनं कालवडीला वळवलं आणि ती चालायला लागली. तिनं कुणाची परवानगी घेतली नाही. हिरवी शिंगं मांडवाच्या कनातीमागं गेली.

इथं गोष्ट संपली असती. पण फोटो झाला नव्हता.

"अर्पण!" राजलक्ष्मी म्हणाली. माईक चालूच होता. "पाजायचं नाही, अर्पण करायचं! अकरा कलश, अकरा मान्यवर, टाकीत!"

ऋषिराजच्या चेहऱ्यावर जीव आला. साहेबांनीही मान हलवली. ओतण्यात कुणाच्या पोटात काही जात नव्हतं. केयूरनं तोंड उघडलं. त्यानं ऋषिराजकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं आणि तोंड मिटलं.

विजयमालाबाईंनी ते उघडलेलं आणि मिटलेलं तोंड पाहिलं. काय होणार ते त्यांना स्वच्छ कळलं. जे घागरीतलं शेवाळ मारतं ते टाकीतलंही मारणार. एक वाक्य बोलायचं होतं. पण त्यांनी ते वाक्य सकाळपासून तीनदा बोलून पाहिलं होतं. आता त्या परत आपल्या खुर्चीत येऊन बसल्या, शालीची घडी घालून मांडीवर ठेवली आणि मागं टेकल्या. ओता, म्हटलं. एवढे शिकलात तर ओता.

अकरा मान्यवरांनी अकरा घागरी ओतल्या. टाळ्या झाल्या. साहेबांचा फोटो उत्तम आला.

*

शुक्रवारी टाकीचं पाणी फिकं पडलं. रविवारी ते चहाच्या गाळासारखं झालं आणि कुजक्या कोबीसारखा वास सुटला. केयूरनं फोनवर सांगितलं की डेटा बघून कळवतो. सोमवारी कारखान्यानं मागच्या नळाची चावी उघडली आणि निवळी पुन्हा ओढ्यात जाऊ लागली.

विजयमालाबाईंना हे सगळं घरबसल्या कळलं, आणि त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला. ऋषिराजची फजिती त्यांनी चहाबरोबर चघळून चघळून खाल्ली.

मंगळवारी कुशाबाई आली. ती पायरीवर बसली नाही, उभी राहिली.

"तुमी तितंच बसला हुता, आक्का," ती म्हणाली.

"कुठं?"

"वतत हुते तवा. म्या जनावर घिऊन गेल्ते. तुमी बसला हुता म्होरल्या रांगंत. तुमास्नी ठावं हुतं."

"माझं ऐकलं असतं व्हय त्यांनी?"

"तवा ऐकलं असतं. इळा तुमच्या हातात हुता. साहेब बी घाबारलं हुतं."

विजयमालाबाई चिडल्या. "तुझी कालवड वाचली न्हवं? मग झालं तर. त्यांची टाकी मेली तर मेली."

"त्यांची कशी?" कुशाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "टाकीत निवळी जायची म्हनून वढ्यात जात न्हवती. कालवड पानी कुठं पिती, आक्का? माझ्या दारात नळ हाय व्हय? वढ्यालाच पिती. काल फेस आलाय. म्या दोन कोसांवरनं हंडा आनला तिला."

त्या दिवशी विजयमालाबाईंनी मांडवातल्या प्रत्येकाला मनातल्या मनात तोलून पाहिलं होतं, आणि कुणीही त्यांच्या तराजूत पुरेसा भरला नव्हता. स्वतःला त्यांनी पारड्यात घातलंच नव्हतं. त्यांची नजर कुशाबाईच्या पायांवर गेली. टाचांच्या भेगांत शेवाळाचा हिरवा रंग अजून होता.

"दुसरं शेवाळ आणायला तो पुण्याचा पोरगा महिना लावंल," त्या म्हणाल्या.

"त्याची गरज न्हाय." कुशाबाईनं पदराखालून चिनी मातीची लोणच्याची बरणी काढली आणि पायरीवर ठेवली. झाकण उघडलं. आत पोपटी, जिवंत, दाट हिरवं पाणी होतं. "रविवारी घागरी भरायच्या आदी वाटीभर काढून ठिवलं हुतं. रोज चमचाभर निवळी घालते. खिडकीत ठिवलं हुतं, उन्हाला."

"का ठेवलंस?"

कुशाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं विजयमालाबाई इतरांकडं पाहायच्या. "इरजान कुनी समदं दिऊन टाकतं व्हय, आक्का?"

विजयमालाबाईंनी पन्नास वर्षं रोज रात्री दूध विरजलं होतं, आणि एकही दिवस वाटीभर दही मागं ठेवायला त्या विसरल्या नव्हत्या. टाकी भरून हिरवं विरजण समोर असताना मात्र त्यांना ते सुचलं नव्हतं, कारण ती टाकी ऋषिराजची होती.

"ऋषीला देऊ नगंस," त्या तरीही म्हणाल्या. सवयीनं.

"मंग कुनाला दिऊ?"

विजयमालाबाई उठल्या. लुगड्याचा पदर खोचला, न्हाणीतून काथ्याचा घासणा घेतला. "आधी टाकी उपसायची. आणि ते पाणी वढ्यात न्हाय सोडायचं, मुरमाच्या खड्ड्यात जाऊ दे. बायका किती लागतील?"

"चार."

"तीन आण. एक मी हाय."

*

दोन दिवस त्यांनी टाकी घासली. विजयमालाबाईंना वाकता येत नव्हतं, म्हणून त्या काठावर बसून पाणी मारत होत्या आणि चुका काढत होत्या. ऋषिराज एकदा येऊन उभा राहिला. काही बोलावं असं त्याला वाटत होतं, पण काय ते ठरत नव्हतं. "पहाटेची निवळी पाठव," विजयमालाबाई त्याच्याकडं न पाहता म्हणाल्या. "मशीन धुतल्यावरची न्हाय. आणि माझी घागर घरी आणून दे. छत्र्यांना बादली घे."

तो गेला. निवळी पाठवली. पहाटेचीच होती.

वीस भाग पाणी, एक भाग निवळी. केयूरच्या नळ्या नव्हत्या, म्हणून कुशाबाईनं कॅन मोजले. चाक सुरू झालं. पाणी फिरायला लागलं, गढूळ, बिनरंगाचं.

राजलक्ष्मी मोबाइल घेऊन धावत आली तेव्हा कुशाबाई बरणी तिरपी करत होती.

"थांबा, थांबा मावशी! अशा नका ओतू. उजेड मागून येतोय. या बाजूला या ना, आणि जरा हसून—"

"झालं की, वैनी," कुशाबाई म्हणाली. बरणी रिकामी होती. तिनं ती टाकीतल्याच पाण्यानं विसळली आणि ते पाणीही आत ओतलं.

राजलक्ष्मीनं मग रिकाम्या बरणीचा फोटो काढला.

ओतायच्या आधी कुशाबाईनं वाटीभर बाजूला काढून चाकाच्या खांबामागं झाकून ठेवलं होतं. ते फक्त विजयमालाबाईंनी पाहिलं होतं, आणि त्या कुणाला सांगणार नव्हत्या.